निरीक्षणाने माहिती गोळा करताना: काय बघायचं, कसं मोजायचं, कुठे चुकतं

बेस्टच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांना प्रश्नावली देऊन विचारलं, ‘तुम्ही रांगेने बसमध्ये चढता का?’, तर बहुतेक जण ‘हो’पुढे खूण करतील. ते खोटं बोलतात असंही नाही. पण पावसाची सर आली, एकदम दोन बस लागल्या किंवा बस थांब्यापासून वीस फूट पुढे जाऊन उभी राहिली, की आपण काय करतो हे ज्याचं त्यालाही धड आठवत नसतं. सवयीचं वागणं विचारून कळत नाही. ते तिथे जाऊन बघावं लागतं. संशोधनात निरीक्षण पद्धती लागते ती अशा ठिकाणी.

समाजशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र, नर्सिंग अशा विषयांच्या लघुप्रबंधांत ‘माहिती संकलनासाठी निरीक्षण पद्धतीचा अवलंब केला’ हे वाक्य हमखास सापडतं. त्यापुढे बहुधा काहीच नसतं. तोंडी परीक्षेत परीक्षकाने विचारलं की कुठे उभे होतात, किती वेळ, कशाला मोजलंत आणि कशाला सोडलंत, की गाडी अडते. याचं कारण सरळ आहे. निरीक्षणाचं निम्मं काम बघायला जाण्याआधी, टेबलाशी बसून करायचं असतं, आणि तेच राहून गेलेलं असतं.

पाठ्यपुस्तकातले प्रकार थोडक्यात उरकू. सहभागी की असहभागी, संरचित (ठरलेल्या तक्त्याने) की असंरचित (मोकळ्या नोंदींनी), उघड की गुप्त, नैसर्गिक परिस्थितीत की नियंत्रित. या चार वेगवेगळ्या पद्धती नाहीत. हे चार प्रश्न आहेत आणि प्रत्येक अभ्यासात चारही प्रश्नांना उत्तर द्यावं लागतं. रेमंड गोल्ड यांनी १९५८ मध्ये निरीक्षकाच्या चार भूमिका मांडल्या: पूर्ण सहभागी, सहभागी पण निरीक्षक म्हणून माहीत असलेला, मुख्यतः निरीक्षक पण थोडा मिसळणारा, आणि पूर्ण तटस्थ निरीक्षक. प्रत्यक्षात माणूस एकाच दिवसात यातल्या दोन भूमिकांमध्ये ये-जा करतो. कधी कोणती भूमिका होती हे टिपून ठेवलं की पुरे.

आधी काय मोजायचं तेच माहीत नसेल तर

अशा वेळी तक्ता घेऊन जाऊ नका. वही घेऊन जा. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या लोकलचा लेडीज डबा घ्या. ‘तुम्हाला बसायला जागा मिळते का?’ या प्रश्नाला ‘कधी मिळते, कधी नाही’ यापलीकडे उत्तर येणार नाही. पण डब्यात उभं राहून बघितलं तर दिसतं की रिकामी होणारी जागा जवळ उभ्या असलेल्या बाईला मिळेलच असं नाही. बसलेलीला ‘कुठे उतरणार?’ हे जिने आधी विचारलं, तिची ती जागा. तीन जणींच्या बाकावरच्या चौथ्या सीटचे नियम आणखी वेगळे. ‘तुम्ही जागा बुक करता का?’ असा प्रश्न प्रश्नावलीत घालायला तो प्रकार अस्तित्वात आहे हे आधी माहीत हवं, आणि बाहेरच्या संशोधकाला तेच माहीत नसतं. असंरचित निरीक्षणाचं खरं काम हे: पुढे काय मोजण्याजोगं आहे ते शोधून काढणं.

अशा निरीक्षणात सगळी भिस्त नोंदींवर असते, आणि नोंदी बिघडतात त्या विशेषणांमुळे. ही नोंद बघा:

‘दादरला एक उद्धट बाई चढली, जागेवरून वाद झाला, डब्यात प्रचंड गर्दी होती.’

यात घडलेलं काहीच नाही, नुसती मतं आहेत. तीच घटना अशी लिहिता येते:

‘सायं. ६.५२, दादर. हिरवी पिशवी घेतलेली बाई, अंदाजे ४० वर्षांची, आत आली. दोन बाकांमधल्या जागेत सहा जणी उभ्या. त्यांच्या खांद्यावरून वाकून खिडकीशी बसलेलीला: “कुठे?” बसलेली: “घाटकोपर.” उभ्यांपैकी एक, मान न वळवता: “सांगितलंय त्यांनी मला.” हिरवी पिशवी: “मग त्यांच्या बाजूची?” कुणी बोललं नाही. हिरवी पिशवी पुढच्या बाकाकडे वळली. (माझा अंदाज: आधी विचारल्याचा हक्क तिला मान्य आहे; तिने वाद घातला नाही.)’

दुसऱ्या नोंदीत वेळ आहे, आकडा आहे, बोललेले शब्द जसेच्या तसे आहेत, आणि लिहिणाऱ्याचा अर्थ कंसात वेगळा ठेवला आहे. तो कंस महत्त्वाचा. तीन महिन्यांनी विश्लेषणाला बसाल तेव्हा काय घडलं आणि तुम्हाला काय वाटलं हे वेगळं काढायचा दुसरा मार्ग उरत नाही. शिवाय पहिल्या नोंदीत जो ‘वाद’ होता, तो दुसरीत सापडतच नाही.

डब्यात उभ्याने एवढं लिहिता येत नाही, आणि लिहूही नये. तिथे फक्त खुणेचे शब्द टिपायचे: ‘६.५२ हिरवी – कुठे – सांगितलंय – पुढे गेली’. पूर्ण नोंद त्याच रात्री, झोपण्याआधी. तासाभराच्या निरीक्षणाला दोन ते तीन तास लेखन धरून चाला. म्हणजेच दिवसाला सहा तास निरीक्षण करू असं वेळापत्रकात लिहिणाऱ्याने हिशेब केलेला नाही. दुसऱ्या दिवशी लिहायला घेतलं की संवाद पहिले जातात आणि त्यांच्या जागी आपण गोळाबेरीज वाक्यं भरतो. निरीक्षण संपल्यावर लिहिण्याआधी त्यावर कुणाशी गप्पाही मारू नयेत. गप्पांत जी आवृत्ती रंगते तीच मग वहीत उतरते.

व्याख्या: इथे घाई केली की पुढचं सगळं वाया

मोजायचं काय ते ठरलं की संरचित निरीक्षणाकडे वळायचं. पुन्हा थांब्यावर येऊ. वांद्रे पूर्वेला स्टेशनबाहेर सकाळी बीकेसीकडे जाणाऱ्या बससाठी रांग लागते. मोजायचं आहे ‘रांग मोडणे’. मित्राची जागा धरून ठेवली आणि तो मागून येऊन पुढे उभा राहिला, तर ती रांग मोडली का? रांगेतल्यांनीच एखाद्या आजींना पुढे केलं तर? बस पुढे जाऊन थांबली आणि रांगच विस्कटली तर?

वापरता येईल अशी व्याख्या काहीशी अशी असते: ‘बसचं दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत, आपल्या आधी रांगेत उभ्या असलेल्या किमान एका व्यक्तीच्या आधी पायरीवर पाय ठेवणे. रांगेतल्यांनी हाताने किंवा बोलून पुढे केलेली व्यक्ती यात धरू नये, तिला वेगळा कोड. आधीपासून धरलेल्या जागेत मागून येऊन सामील झालेली व्यक्ती, तिलाही वेगळा कोड. दार उघडण्याआधीच रांग विस्कटली असेल तर ती बस “रांग नाही” म्हणून नोंदवावी, तिचे प्रवासी मोजू नयेत.’ डोळ्यांना जे दिसतं तेवढंच व्याख्येत यावं. ‘घाईने’, ‘मुद्दाम’, ‘नाइलाजाने’ हे शब्द आले की दोन निरीक्षक दोन गोष्टी लिहिणार.

शेवटच्या नियमाकडे नीट बघा, कारण तिथे छेदाचा प्रश्न आहे. ‘आज १४ जणांनी रांग मोडली’ या वाक्याला अर्थ नाही. किती जणांना मोडता येण्याजोगी रांग समोर होती ते हवं. थांब्यावर तीनच माणसं आणि बस रिकामी, तर तिथे रांग पाळली हेही खरं नाही आणि मोडली हेही नाही. रुग्णालयातल्या हात धुण्याच्या निरीक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने जी पद्धत घालून दिली आहे, ती याच कारणासाठी शिकण्यासारखी आहे. तिथे निरीक्षक हात धुतल्याच्या वेळा मोजत बसत नाही. आधी ‘संधी’ मोजतो, म्हणजे रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरद्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. मग त्यांतल्या किती संधींना हात स्वच्छ केले ते लिहितो. एक सत्र साधारण २० मिनिटांचं, दहा मिनिटं इकडे-तिकडे, आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त कर्मचाऱ्यांवर नजर ठेवायची नाही. चौथ्यावर नजर गेली की पहिल्याची एक संधी निसटते, आणि निसटलेली संधी तक्त्यात दिसतही नाही.

नोंदतक्ता एका कागदाच्या एका बाजूवर मावला पाहिजे. वर तारीख, सुरू-बंद वेळ, हवामान, निरीक्षकाचा कोड, उभं राहायची जागा. खाली एका ओळीत एक बस, आणि स्तंभ सहाच्या वर नकोत. शाळेतल्या गणितासारख्या ताळ्याच्या खुणा सगळ्यात भरवशाच्या. आकडे खोडून बदलायच्या भानगडीत दोन प्रवासी चढून गेलेले असतात. एक स्तंभ ‘इतर’चा ठेवा, पण पायलटमध्ये, म्हणजे खऱ्या निरीक्षणाआधीच्या चाचणी फेरीत, दहातली एक नोंद जरी ‘इतर’मध्ये जात असेल तर व्याख्या अपुऱ्या आहेत असं समजून पुन्हा लिहा.

वेळ मोजायची असेल तर वेगळा सापळा असतो. वर्गातला एक विद्यार्थी फळ्याकडे न बघता खिडकीबाहेर किती वेळ बघतो, हे पाहायचं आहे. ३० मिनिटांची तासिका १५-१५ सेकंदांच्या १२० चौकोनांत विभागली. आता चौकोन कधी भरायचा? त्या १५ सेकंदांत एकदाही बाहेर बघितलं तरी भरायचा, पूर्ण १५ सेकंद बघितलं तरच भरायचा, की पंधराव्या सेकंदाला जे दिसेल त्यावर ठरवायचं? समजा मुलगा प्रत्येक चौकोनात दोन सेकंद बाहेर बघतो. पहिल्या नियमाने १०० टक्के, दुसऱ्याने शून्य, तिसऱ्याने साधारण १३ टक्के. खरं उत्तर १३ टक्केच आहे. मुलगा तोच, तासिका तीच. वापरलेला नियम अहवालात लिहिलाच नाही, तर वाचणाऱ्याला त्या टक्केवारीचं काय करावं ते कळत नाही.

कोणाकडे, कधी, कुठून

‘जे दिसेल ते लिहू’ हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा मार्ग. भडक घडतं तेच डोळ्यांत भरतं. बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये याबद्दल जे मांडलं ते माणसांनाही लागू पडतं: एक व्यक्ती निवडून ठरावीक वेळ फक्त तिच्यावर लक्ष ठेवा, नाहीतर ठरावीक अंतराने सगळ्या गटावरून एकदा नजर फिरवून त्या क्षणी कोण काय करतंय ते नोंदवा.

दुसरा मार्ग शिवाजी पार्कच्या कट्ट्याला चांगला लागू पडतो. कट्ट्यावर कोणत्या वेळी कोण बसतं, हा प्रश्न. कट्ट्याचे भाग पाडा, दर तासाला एक फेरी मारा, प्रत्येक भागात बसलेल्यांचं लिंग आणि ढोबळ वयोगट टिपा. फक्त बसलेले मोजा, चालणारे नकोत. तुम्ही स्वतः फेरी मारत असता तेव्हा समोरून येणारे चालणारे जास्त भेटतात आणि आपल्याच दिशेने चालणारे जवळजवळ भेटतच नाहीत, त्यामुळे तो आकडा दिशेनुसार बदलतो. चालणारे मोजायचेच तर एका जागी उभं राहा.

वेळेची निवड मुंबईत फार जपून करावी लागते. विद्यार्थी आपल्याला सोयीच्या वेळी, म्हणजे कॉलेज सुटल्यावर दुपारी जातो आणि गर्दीचा अभ्यास बिनगर्दीच्या वेळी करून येतो. सकाळी आठ ते रात्री दहा हे १४ तास २०-२० मिनिटांत विभागले की दिवसाचे ४२ तुकडे होतात. वार आणि तुकडे यांच्या चिठ्ठ्या टाकून उचला. गर्दीच्या वेळा महत्त्वाच्या असतील तर त्यांची वेगळी बरणी करा, पण बरणीतून उचला. मेगाब्लॉकचा रविवार, गणपतीचे दिवस आणि जोरदार पावसाचा दिवस हे बाद करायचे की वेगळे नोंदवायचे, तेही आधीच ठरवा. आकडे बघून नंतर ठरवणं म्हणजे हवा तो निकाल निवडणं.

उभं राहायची जागा अशी हवी की रांगेचं शेपूट आणि बसचं दार दोन्ही दिसतील. दाराच्या अगदी शेजारी उभं राहिलं तर मागून कोण कधी आलं ते कळत नाही, म्हणजे व्याख्येतला ‘आपल्या आधी उभ्या असलेल्या’ हा भागच तपासता येत नाही. बस आली की तिच्यामागे स्वतः झाकले जात नाही ना, तेही बघा.

बघितलं जातंय हे कळल्यावर

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले आणि पुढे हेन्री लँड्सबर्गर यांनी १९५८ मध्ये ‘हॉथॉर्न परिणाम’ हे नाव रूढ केलं. आपल्याकडे लक्ष आहे हे कळलं की माणसं बदलून वागतात, असा त्याचा अर्थ. त्या मूळ आकडेवारीवर नंतर बरेच वाद झाले, त्यामुळे त्या कारखान्याचं उदाहरण पुरावा म्हणून देऊ नये. पण क्लिपबोर्ड घेऊन थांब्यावर उभं राहिलं की लोक तुम्हाला तपासनीस समजून नीट रांगेत येतात, हे कुणीही करून बघावं.

वर्गात किंवा वॉर्डात यावर उपाय म्हणजे आधी काही दिवस नुसतं जाऊन बसणं आणि त्या दिवसांच्या नोंदी विश्लेषणात न घेणं. थांब्यावर हा उपाय चालत नाही, तिथली माणसं रोज वेगळी. तिथे मोबाइलवरचा नोंदतक्ता बरा. थांब्यावर मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या माणसाकडे या शहरात कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

दुसरा दोष आपल्या डोळ्यांतला. ‘या थांब्यावर लोक बेशिस्त असतात’ असं मनात घेऊन गेलेल्याला बेशिस्त जास्त दिसते. त्यासाठी दोन निरीक्षकांनी एकाच वेळी, एकमेकांचा तक्ता न बघता नोंदवायचं आणि किती जुळतं ते तपासायचं. इथे नुसती टक्केवारी फसवते. समजा दोघांनी १२० प्रवासी पाहिले. ९० जणांना दोघांनी ‘रांगेने’ म्हटलं, १२ जणांना दोघांनी ‘मोडून’. दहा जणांना पहिल्याने ‘रांगेने’ तर दुसऱ्याने ‘मोडून’, आणि आठ जणांना उलट. एकमत १०२ जणांवर, म्हणजे ८५ टक्के. छान वाटतं. पण बहुतेक लोक रांगेनेच चढतात, तेव्हा न बघता ‘रांगेने’ लिहीत गेलं तरी बरंच जुळेल. पहिल्याने एकूण १०० जणांना ‘रांगेने’ म्हटलं, दुसऱ्याने ९८ जणांना. योगायोगाने जुळण्याचं प्रमाण (१००/१२० × ९८/१२०) + (२०/१२० × २२/१२०), म्हणजे सुमारे ०.७१. जेकब कोहेन यांचं १९६० सालचं कप्पा सूत्र हा योगायोग वजा करतं: (०.८५ − ०.७१) ÷ (१ − ०.७१) = ०.४८. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या प्रचलित पट्टीवर हे ‘मध्यम’मध्ये बसतं, ‘चांगलं’ ०.६१ पासून सुरू होतं. अशा वेळी निरीक्षक बदलण्याआधी न जुळलेले १८ प्रवासी एकेक करून बोलून काढा. बहुधा सगळा गोंधळ जागा धरण्याच्या प्रकारात सापडतो, म्हणजे दोष व्याख्येतच असतो.

परवानगी, वह्या आणि अहवाल

सार्वजनिक ठिकाणचं वागणं, कुणाची ओळख न नोंदवता आणि कुणाला अपाय होणार नाही अशा रीतीने टिपायचं असेल, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला नीतिमत्ता समितीच्या पुनरावलोकनातून सूट मिळू शकते. ती सूट मागायची असते समितीकडे. आपली आपण घ्यायची नसते. थांबा सार्वजनिक आहे यात वाद नाही. लेडीज डब्यातला रोजचा ग्रुप मात्र आपसात घरच्या गोष्टी बोलतो. तिथे महिनाभर बसून ऐकायचं असेल तर सांगून बसा. वॉर्ड, वर्ग, कार्यालय इथे संस्थेची लेखी परवानगी आणि माणसांची संमती दोन्ही लागतात. स्टेशनच्या हद्दीत कॅमेरा लावायचा तर आधी रेल्वेला विचारा, आणि कॉलेजचं पत्र कायम जवळ ठेवा.

वह्यांचे फोटो रोज काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली शिकलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुऱ्यात क्षेत्रकार्य केलं होतं. वर्षानुवर्षं संस्कार करून तयार केलेल्या त्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत गेल्या, कारण तिन्ही एकाच इमारतीत होत्या. मूळ डायऱ्या दिल्लीत होत्या म्हणून वाचल्या.

निरीक्षणातून ‘का’ कळत नाही, एवढं धरून चाला. रांग का मोडली हे त्या माणसालाच विचारावं लागेल, म्हणून निरीक्षणानंतर थोड्या मुलाखती जोडतात. क्रम उलटा केलात तर मुलाखत दिलेली माणसं रांगेत जास्त नीट उभी राहतील. अहवालात सत्रं किती ठरवली आणि किती झाली, पावसाने किंवा बस न आल्याने किती गेली, निरीक्षक किती, त्यांना प्रशिक्षण किती तास, कप्पा किती, हे आकडे द्या. पायलटनंतर बदललेल्या व्याख्यांची जुनी आणि नवी रूपं परिशिष्टात शेजारी-शेजारी छापा, बदल कोणत्या तारखेपासून लागू केला तेही लिहा, आणि त्या तारखेआधीच्या नोंदी मुख्य तक्त्यात मिसळू नका.